खाटेवरून काय दिसते?

रुग्णसेवेला जाल तेव्हा एकदा रुग्णाच्या उशाशी वाकून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहा. बहुधा छत, ट्यूबलाइट आणि सलाईनची बाटली, एवढेच दिसेल. आपण उभ्याने भेटून निघतो, म्हणून हे लक्षातच येत नाही.

अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या, एकमेकांशी मिळत्याजुळत्या ४६ रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. झाड हे काही औषध नव्हे. पण वेदना सोसणाऱ्याला पाऊण दिवस थोडा नसतो.

फिनलंडमध्ये पायमिओ येथे १९३३ साली क्षयरोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले. वास्तुविशारद आल्वार आल्टो यांनी झोपलेल्या माणसाचाच विचार केला. छताला शांत गडद हिरवा रंग, दिवा डोळ्यांवर न येणारा, बेसिनही पाण्याचा आवाज होऊ नये असे.

आपल्या हाती इतके नसते. तरी सिस्टरना विचारून पडदा सारा, जमल्यास खाट खिडकीकडे वळवा. चित्र किंवा तसबीर आपण हमखास उशाच्या वर लावतो, म्हणजे रुग्ण सोडून सगळ्यांना दिसते! ती पायाकडच्या भिंतीवर लावा. अतिदक्षता विभागात मात्र फुले, कुंडी नेऊ नका; संसर्गाची भीती असते. तिथे झाडाचा एखादा मोठा फोटो चालेल का, ते विचारा.