आधी खर्च, मग आकडा

दिव्यांग, एकल स्त्रिया, शाळा मधेच सुटलेली मुलं अशांना कामाचं शिक्षण देऊ पाहणाऱ्या संस्थांचे प्रस्ताव लिहिण्यात आणि तपासण्यात बरीच वर्षं गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. प्रशिक्षणातून कोण वगळलं जाणार, हे निवडीच्या दिवसाच्या कितीतरी आधी, प्रस्तावाला जोडलेल्या अंदाजपत्रकात ठरून गेलेलं असतं. पहिल्या पानावर ‘सर्वसमावेशक’ हा शब्द तीनदा येतो आणि शेवटच्या तक्त्यात ‘प्रति लाभार्थी खर्च’ या रकान्यात सगळ्यांना मिळून एकच आकडा. तो आकडा धडधाकट, ऐकू येणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या आणि घरून कुणी न अडवणाऱ्या तरुणाचा असतो. बाकीचे आपोआप महाग ठरतात, आणि महाग ठरलेल्यांना कुणी ‘नको’ म्हणावंही लागत नाही. त्यांच्यापर्यंत निरोपच जात नाही.

पैसे कसे येतात हे पाहिलं की असं का होतं ते कळतं. केंद्र सरकारने २०१५ साली कौशल्य योजनांसाठी ‘कॉमन नॉर्म्स’ लावले. त्यांत प्रशिक्षणाचा खर्च तासाच्या दराने धरला आणि तीन हप्त्यांत वाटला : बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, प्रमाणपत्र मिळाल्यावर ५० आणि रोजगार लागल्यावर उरलेले २०. शेवटचा हप्ता पूर्ण हवा तर प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी ७० टक्के जण तीन महिन्यांत कामाला लागलेले हवेत. ५० टक्क्यांच्या खाली आलात तर त्या हप्त्यातलं काहीच नाही. पुढे योजना बदलल्या, पण डोकी मोजून पैसे देण्याची ही रीत खाजगी देणगीदारांतही रुळलेली दिसते. आता केंद्र चालवणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. बॅचमध्ये एक जागा उरली आहे. दारात बारावी झालेला एक मुलगा आहे आणि एक कर्णबधिर मुलगी. तिच्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी लागणार, पुढे तिच्या मालकाला आणि मुकादमाला चार गोष्टी समजावाव्या लागणार, आणि तिची नोकरी तीन महिन्यांत लागेलच असं नाही. स्त्रिया आणि दिव्यांगांसाठी त्या नियमांत काही वाढीव तरतुदी आहेत, पण दुभाष्याचा महिन्याचा पगार त्यांतून निघत नाही. केंद्रचालक दुष्ट नसतो. त्याला एक तारखेला पगार करायचे असतात.

बारीकसारीक अटीही हेच काम करतात. हजेरी आधारशी जोडलेल्या बायोमेट्रिक यंत्रावर आणि पैसे हजेरीवर, अशी व्यवस्था घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती त्यांत आहे. झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. माणूस वर्गात बसून शिवण शिकतो आहे, आणि कागदावर गैरहजर. पर्यायी हजेरी कशी नोंदवायची आणि ती कुणी मान्य करायची, हे करारात नसेल तर दोन बॅचनंतर केंद्र अशा माणसाला गोड बोलून परत पाठवू लागतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे : सार्वजनिक पैसा आहे, नोकऱ्या लागल्या का हे विचारायचं नाही का? विचारायलाच हवं. नुसती प्रमाणपत्रं वाटून गप्प बसणारे वर्ग कुणाच्याच कामाचे नाहीत. प्रश्न मोजमापाच्या पट्टीचा आहे. अमेरिकेत १९८२ च्या जॉब ट्रेनिंग पार्टनरशिप कायद्याखाली केंद्रांची कामगिरी नोकऱ्यांवरून मोजली जाऊ लागली, तेव्हा केंद्रं सोपेच उमेदवार उचलतात का, हा तिथल्या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला. निष्कर्ष सगळीकडे सारखे निघाले नाहीत, पण धोका कायद्याने गंभीरपणे घेतला. २०१४ च्या त्यांच्या नव्या कायद्यात उमेदवारांची परिस्थिती आणि स्थानिक रोजगाराची स्थिती लक्षात घेऊन अपेक्षित आकडा खाली-वर करण्याची सोय आहे. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी दिव्यांगांपैकी, मुलं-म्हातारी धरून, काम करणारे ३६ टक्के होते, स्त्रियांमध्ये २३. इथून निघालेल्या माणसासाठी आणि आयटीआय झालेल्या मुलासाठी ७० टक्क्यांची एकच रेघ ओढण्याला हिशेब म्हणवत नाही.

म्हणून प्रस्ताव लिहिताना क्रम उलटा करावा. आधी कोण येणार ते ठरवा, त्यांना काय लागेल ते लिहा, मग उरलेल्या पैशांत किती जण बसतात ते मोजा. दुभाषी, येण्याजाण्याचा खर्च, पाळणाघर, पायाऐवजी हाताने चालू-बंद करता येणारी मोटारची शिलाई मशीन, नोकरीनंतरचे सहा महिने फोन आणि भेटी : प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि सगळ्या ‘कार्यक्रम खर्चा’त. ‘प्रशासकीय’ या शीर्षाखाली गेलेली ओळ सर्वांत आधी कापली जाते. कंपन्यांचे अधिकारी सीएसआरमधल्या ५ टक्क्यांच्या मर्यादेचा धाक घालतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, तुमच्या दुभाष्यावर नाही. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपुरताच, ही २०२० च्या दुरुस्तीने आलेली अट मात्र खरी आहे, तिथे हिशेबनीसाला आधीच सोबत घ्यावं. कंपनीशी बोलताना सुरू होण्याचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प नियमांत बसतो हेही सांगावं, कारण नोकरीनंतरचा आधार ३१ मार्चला संपत नसतो. आणि महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. प्रवासभत्त्यासाठी ग्रामपंचायतीत एक अर्ज टाकून पाहायला हरकत नाही. तो निधी अखर्चित राहिल्याच्या तक्रारी आपण दरवर्षी वाचतोच.

दुसरा आक्षेप लहान संस्थांचा : असा प्रस्ताव पाठवला तर प्रति माणशी खर्च फुगतो आणि अनुदान शेजारच्या संस्थेला जातं. जातं, खरं आहे. पण डोळ्यांत भरेल असा १०० जणांचा आकडा लिहून मिळालेलं अनुदान लहान संस्थेला जास्त महागात पडतं. शेवटचा हप्ता महिनोन् महिने अडकतो, तोवरचे पगार उसनवारीवर होतात आणि पहिली काटछाट नेमकी दुभाष्यावर येते. ३० जणांचा प्रस्ताव मोकळेपणाने ३० जणांचाच लिहावा. खर्च वाटून घेण्याची वाटही आहे : कर्णबधिर मुलं सहा बॅचमध्ये एकेक विखुरण्यापेक्षा दोन बॅचमध्ये, ऐकू येणाऱ्यांच्या सोबतीने, तिघं-तिघं बसवली तर दुभाषी सहाऐवजी दोन वर्गांतच लागतो आणि माणशी खर्च उतरतो. अधिकाऱ्यासमोर हा हिशेब मांडला की बोलणं दयेवरून दरावर येतं, आणि दरावर घासाघीस करता येते.

सही करण्याआधी करारातली ‘रोजगार’ची व्याख्या मात्र शब्दन् शब्द वाचा. महिन्याची पगारचिठ्ठी एवढाच पुरावा चालत असेल, तर घरी पिकोफॉलची मशीन टाकून कमावणारी बाई त्यात कुठेच नाही. अर्धवेळ काम आणि स्वयंरोजगार धरले जातील का, पुरावा म्हणून बँकेचं पासबुक चालेल का, मुदत तीन महिन्यांवरून सहावर नेता येईल का, हे तिथेच विचारून लेखी घ्या. तोंडी ‘बघू नंतर’ म्हणणारा अधिकारी शेवटच्या हप्त्यापर्यंत बहुधा बदलून गेलेला असतो.