सावलीवरून रोगाचे नाव कळते का?

माकुणसारहून कॉलेजात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आजोबांच्या छातीच्या फोटोत डाग दिसला, तरी डॉक्टर थुंकी तपासा म्हणतात. आजोबा म्हणतात, फोटो काढला ना, मग थुंकी कशाला?" प्रश्न वैद्यकातला वाटतो, पण त्याचे निम्मे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

आधी फोटोचा विचार करू. राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले. पदार्थातून जाताना हे किरण शोषले जातात. पदार्थ जितका घन व जाड, आणि त्यातील अणू जितके जड, तितके शोषण अधिक. हाडांत कॅल्शियम असते, म्हणून फिल्मवर बरगड्या पांढऱ्या दिसतात. फुप्फुसात हवा असते. तिच्यातून किरण सहज पार होतात व तो भाग काळा उमटतो. हवेची जागा पू, पाणी किंवा गाठीने घेतली की तेथे पांढुरका डाग येतो. म्हणजे डाग एवढेच सांगतो, की येथे हवेऐवजी दुसरे काही आहे. ते क्षयामुळे असेल, न्यूमोनियामुळे असेल, कर्करोग असेल किंवा जुन्या, बऱ्या झालेल्या जखमेचा वणही असेल. भिंतीवरच्या सावलीवरून कोणी उभे आहे हे कळते. कोण, ते नेहमीच कळत नाही.

क्ष-किरणांपूर्वी हा फरक कानांनी ओळखत. पिंपावर टकटक केली की तेल कुठवर आहे ते कळते ना? खानावळवाल्याचा मुलगा असलेल्या आउएनब्रुगर या डॉक्टरांनी १७६१ साली छातीवर बोटे ठोकून रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. आजही डॉक्टर तसेच ठोकून पाहतात.

आता थुंकीकडे वळू. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून दिला. या जंतूचे आवरण मेणचट असते. त्याला एकदा लाल रंग चढला की आम्लानेही तो धुऊन जात नाही. नंतर निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. पण एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा नजरेस पडत नाहीत. म्हणून काचपट्टीवर जंतू दिसला नाही, तरी रोग नाहीच असे म्हणता येत नाही. जंतूच्या जनुकाचा शोध घेणारे यंत्र कमी जंतूही पकडते. सुमारे दोन तासांत ते जंतू आहे की नाही हे सांगते, आणि रिफाम्पिसिन हे महत्त्वाचे औषध त्याला लागू पडेल का, हेही सांगते. फोटोला हे कधीच सांगता येणार नाही. मात्र नमुना खोल खोकून काढलेला बेडका हवा. नुसती लाळ चालत नाही.

दम्यात फोटो पुष्कळदा स्वच्छ येतो. तेथे मोजायचा असतो हवेचा प्रवाह. याची कल्पना येण्यासाठी एक प्रयोग करा. पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन पाण्याने काठोकाठ भरून बादलीतील पाण्यात उपडा धरा. तोंडात रबरी नळी सरकवा, पूर्ण श्वास घ्या आणि नळीतून सगळी हवा सोडा. कॅनचे तोंड पाण्यातच तळहाताने बंद करून तो सुलटा करा. तो पुन्हा भरायला जितके पाणी लागेल, तितकी तुमची हवा. प्रत्येकाने आपली वेगळी नळी वापरावी. आजारी व दमेकरी मुलांनी प्रयोग करू नये.

दवाखान्यातील यंत्र याच्याबरोबर वेळही मोजते. समजा, एकूण ४ लिटर हवेपैकी ३.२ लिटर पहिल्या सेकंदात बाहेर आली. हे प्रमाण ८० टक्के झाले. श्वासनलिका आकुंचन पावल्या असतील तर तेवढ्याच वेळात २ लिटरच येईल, म्हणजे ५० टक्के. प्रमाण ७० टक्क्यांखाली गेले की वाटेत अडथळा आहे असे सामान्यतः मानतात.

तेव्हा आजोबांना सांगा, फोटोने जागा दाखवली आहे, नाव अजून कळायचे आहे. ते कळल्याशिवाय योग्य औषध ठरत नाही. आणि क्षय असेल तर तोवर घरातल्या मुलांनाही धोका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्या प्रत्येकाने थुंकी तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रामार्फत ही तपासणी मोफत होते.