मुलांना पत्रमित्र मिळू द्या

परवा वर्गात एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, शाळेत पोराला सांगितलंय, लांबच्या गावच्या मुलाला पत्र लिही. तो ना नात्याचा, ना गोत्याचा. त्याला काय लिहायचं? आणि फोन आहे की घरात!"

मावशींचे म्हणणे खोटे नाही. आपल्याकडे पत्र म्हणजे सुखदुःखाचा निरोप. लग्नाचे, बारशाचे, नाहीतर कोपरा फाडलेले. फाटका कोपरा दिसला की बायामाणसे न वाचताच रडू लागत. वाचता कुणाला येत होते? न पाहिलेल्या मुलाला उगीच पत्र लिहायचे, ही रीत आपल्याला नवी. अशा पत्रातल्या सोबत्याला पत्रमित्र म्हणतात.

पण पाचगणीच्या पोस्टाला मुलांची पत्रे नवी नाहीत. इथल्या काही निवासी शाळा शंभर वर्षांहून जुन्या आहेत. १९५५ साली आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावरून एक पारशी मुलगा इथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. फारुख बलसारा त्याचे नाव. वय आठ वर्षे. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी या नावाने गाणारा म्हणून जगभर गाजला. त्याचे आईबाप समुद्रापलीकडे राहिले. तेव्हा हातोहाती फोन नव्हते. अशा मुलांना घरी काही सांगायचे तर कागदच जवळ करावा लागे.

आपल्या पोरांचे तसे नाही. आई घरात, बाप शेतात, आजोळ घाटाखाली वाईला. म्हणून आपल्या पोराच्या नावाने पोस्टात कधी काही येतच नाही. पत्रमित्र मिळाला की येते.

आता मावशींचा खरा प्रश्न. लिहायचे काय?

समजा, पत्रमित्र मालवणचा आहे. त्याने समुद्र पाहिला आहे, पण स्ट्रॉबेरीचे रोप पाहिलेले नाही. आपले पोर रोज तेच पाहते. पाऊस ओसरला की रोपे लावतात. वाफ्यावर मल्चिंगचा कागद अंथरतात, म्हणजे फळ मातीला टेकत नाही. थंडीत तोडा सुरू होतो. भल्या पहाटे गारठ्यात आई फळे तोडते. हे सगळे मालवणच्या मुलाला नवलाचे. शेजारच्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले, घराघरांत पुस्तके ठेवली, हेही त्याला कळवावे.

मग तो मुलगा विचारील, "तुमच्या डोंगराचा माथा सपाट कसा?" इथे आपले पोर अडते. टेबललँडवर ते शंभरदा खेळले, पण हा प्रश्न त्याला पडला नव्हता. ते गुरुजींना विचारते. गुरुजी सांगतात, वर जांभ्या दगडाचा कठीण थर आहे. तो लवकर झिजत नाही, म्हणून माथा सपाट राहिला. पोर आजोबांना गावाच्या नावाचे विचारते. आजोबा सांगतात, दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांमुळे पाचगणी. परक्या मुलाला सांगायचे म्हणून पोर आपलाच गाव पाहू लागते. मला तर यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

एक चूक मात्र आपण मोठी माणसे करतो. शेजारी बसून सांगतो, "लिही, पत्रास कारण की." मग पोर तेवढेच लिहिते आणि कंटाळते. सोबत्याला कशाला हवे "पत्रास कारण"? म्हैस व्याली, तेथून सुरू करू द्या. साने गुरुजी आपल्या पुतणीला, सुधाला, पत्रे लिहीत. 'सुंदर पत्रे' म्हणून ती छापली गेली आहेत. ती वाचा. एखादी वेलांटी चुकली तर चुकू द्या. मालवणला ती कळेल.

पत्ता मात्र चुकता कामा नये. नाव, शाळा, गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी पिनकोड. पाचगणीचा पिनकोड ४१२८०५. पहिला ४ हा आपल्या विभागाचा. शेवटचे तीन आकडे पोस्टाचे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. ते संस्कृतचेही मोठे पंडित होते.

मावशींच्या मनात भीतीही होती. परका माणूस, काय भरवसा? ही भीती रास्त आहे. म्हणून मित्र शाळेनेच जोडून द्यावा. पत्ता घराचा नको, शाळेचा द्यावा. पैसे, फोटो, फोनचा नंबर कुणी मागितला तर पोराने घरी सांगावे. हे त्याला आधीच सांगून ठेवा. रागावून नव्हे, जवळ बसवून.

उत्तर यायला आठ दिवस लागतील, कधी महिना. पोर रोज पोस्टमनदादाला विचारील. विचारू द्या. महिना उलटला तर दुसरे पत्र लिहायला सांगा.

आणि पत्र आले की पाकीट तुम्ही फोडू नका. त्यावर नाव पोराचे आहे. त्याच्या हातात द्या. ते वाचून दाखवील, ते ऐका. मग म्हणा, "बघू रे, मला वाचता येतंय का," आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचा.