विडी सोडण्यासाठी उपचार घ्या



आपल्या वस्त्यांतून दारूविरुद्ध पुष्कळ बोलले जाते. विहारात, जयंतीच्या सभेत, मंगल परिणयाच्या मांडवात दारूचा निषेध होतो आणि तो झालाच पाहिजे. परंतु सभा संपली की वक्ता आणि श्रोता बाहेर येतात आणि एकाच काडीवर दोन विड्या पेटतात. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. आज या विडीचा विचार करू. विडी वाईट आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. खरा प्रश्न असा की, ती सोडावी कशी आणि त्यासाठी मदत कोठे मागावी?

शीलाचा प्रश्न

काहीजण म्हणतात, "बावीस प्रतिज्ञांत दारूचे नाव आहे, तंबाखूचे नाही. मग विडी ओढली तर काय बिघडले?" तंबाखूचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या काळात ते आपल्या देशात आले. भगवान बुद्धांच्या काळी ते येथे नव्हतेच, तर त्याचे नाव शीलात कसे येणार? म्हणून शब्द शोधू नका, हेतू पाहा. पाचव्या शीलाचा हेतू हा की माणसाचे मन त्याच्या ताब्यात राहावे. पहाटे डोळे उघडताच जो उशाखाली विड्यांचे बंडल चाचपतो, त्याचे मन त्याच्या ताब्यात आहे असे म्हणता येईल काय?

याची दुसरीही बाजू आहे. विडी सुटत नाही म्हणून काही माणसे स्वतःला पापी समजू लागतात. विहारात मागे बसतात, मुलांपासून विडी लपवतात, आणि शरमेपोटी कोणाजवळ बोलतही नाहीत. हे बरोबर नाही. ज्याला दुःख म्हणतात त्याला कारण असते, आणि कारण कळले तर ते दूर करण्याचा मार्गही असतो, असे आपण शिकलो. विडीलाही हेच लावून पाहू.

विडी आणि आपली माणसे

विडीशी आपल्या समाजाचा संबंध जुना आहे. विदर्भात अनेक घरांच्या चुली विड्या वळून पेटल्या. 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द ज्यांनी रूढ केला, त्या बाबू हरदास एल. एन. यांनी कामठी-नागपूर भागातील विडी कामगारांची संघटना बांधली. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळावर निवडून आले. १९३९ साली, ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा विडी वळणाऱ्या आयाबहिणींना कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. कष्ट करणाऱ्याचा मान राखायचा आहे. त्या कष्टकऱ्याची छाती मात्र वाचवायची आहे.

सुटत का नाही?

तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. झुरका घेतल्यापासून अवघ्या काही सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि क्षणभर हुशारी वाटते. दोनेक तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. मग चिडचिड होते, हात शिवशिवतो आणि दुसरी विडी पेटते. "विडीने डोके शांत होते" असे माणूस म्हणतो. प्रत्यक्षात आधीच्या विडीने लावलेली आग पुढची विडी विझवत असते.

विडीला सिगारेटपेक्षा सौम्य समजू नका. तेंदूच्या पानाची विडी ओढत राहिले नाही तर विझते, म्हणून झुरके जोरात आणि वारंवार घ्यावे लागतात. धूर खोल जातो. फुफ्फुसाचा, तोंडाचा आणि घशाचा कर्करोग, हृदयविकार, दमा, यांची वाट तेथूनच जाते. धूम्रपान करणाऱ्याला क्षयाचाही धोका अधिक असतो. आपल्या दाट वस्त्यांत क्षय आजही आहे, हे विसरू नका. एका खोलीच्या घरात बाप विडी ओढतो तेव्हा पाळण्यातले मूलही तो धूर घेते.

सोडण्याची इच्छा नाही असे थोडेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत, ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या मनात सोडण्याचा विचार होता. इच्छा आहे, मदत मात्र पोहोचत नाही. ताप आला तर आपण गोळी घेतो. मग या व्यसनासाठी नुसत्या निश्चयावर का विसंबावे? गंडा-दोरा आणि नवस आपण सोडले. त्यांच्या जागी डॉक्टरचा उपचार आला पाहिजे.

मदत कोठे मिळते?

पहिली गोष्ट, फोन. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा क्रमांक आहे. ही सेवा २०१६ साली सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतूनही बोलता येते. २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. म्हणजे रोगाबरोबर उपचाराचा पत्ताही तुमच्या खिशात आहे. पलीकडचा समुपदेशक रागावत नाही. तुम्ही किती ओढता, उठल्यावर किती वेळात पहिली विडी लागते, पूर्वी कधी सोडली होती काय, हे तो विचारतो. मग सोडण्याचा दिवस ठरवून देतो आणि पुढेही चौकशी करतो.

दुसरी गोष्ट, दवाखाना. जिल्हा रुग्णालयात तंबाखू मुक्ती केंद्राची चौकशी करा. ते जवळ नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मला विडी सोडायची आहे, औषध द्या." खोकल्याचे औषध घेऊन परत येऊ नका.

औषधे कोणती?

१. निकोटीनचे च्युइंग गम. यात थोडे निकोटीन असते, पण धूर आणि डांबर नसते. तलफ भागते आणि हळूहळू मात्रा कमी करता येते. ते साध्या च्युइंग गमसारखे भराभर चघळू नये. सावकाश चावावे, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे. तोंडात असताना आणि त्यापूर्वी पाव तास कॉफी, सरबत, सोडा घेऊ नये, नाहीतर गुण येत नाही. २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम असे दोन प्रकार असतात. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत विडी लागणाऱ्याला बहुधा जास्त मात्रेची गरज पडते. ती डॉक्टर ठरवतील.

२. निकोटीनची पट्टी. ती दंडाच्या कोरड्या कातडीवर चिकटवतात आणि रोज बदलतात.

३. गोळ्या. बुप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या. सोडण्याच्या दिवसाच्या आठवडाभर आधी त्या सुरू करतात आणि काही आठवडे चालवतात. फिट्स येणाऱ्याने बुप्रोपियॉन घेऊ नये, म्हणून आपले सर्व आजार डॉक्टरांना सांगावेत. गरोदर भगिनींनी तर विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत या औषधांची शिफारस केली आहे. औषध आणि समुपदेशन दोन्ही एकत्र घेतल्यास यशाची शक्यता वाढते.

पहिले पंधरा दिवस

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. राग येतो, झोप लागत नाही, भूक वाढते. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. तलफ आली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, जागा बदला, श्वासावर लक्ष ठेवून बसा.

पुष्कळांची तक्रार असते की विडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. निकोटीन आतड्यांना चेतवते, ते बंद झाले की काही दिवस मलावरोध होतो. कोमट पाणी, पालेभाजी आणि भाकरी यांनी तो जातो. ज्या टपरीवर चहाबरोबर विडी होते, ती टपरी महिनाभर टाळा. विडी सोडून मशेरी किंवा तंबाखू-चुना धरू नका. दोन्हींत निकोटीनच आहे. मशेरी लावणाऱ्या भगिनींनीही हेच लक्षात घ्यावे. गर्भारपणी तंबाखूमुळे बाळाचे वजन कमी भरते. त्यांनाही क्विटलाइनची मदत मिळते.

मध्येच एखादी विडी ओढली गेली तर सर्व संपले असे समजू नका. बऱ्याच जणांना दोन-तीन खेपा लागतात. का ओढली ते शोधा, समुपदेशकाला सांगा आणि पुन्हा सुरू करा.

घरच्यांचे काम

घरच्या माणसांनी टोमणे मारू नयेत. "हा काय सोडणार!" हे वाक्य घरातून हद्दपार करा. पहिल्या आठवड्यात त्याची चिडचिड सहन करा. मुलाला विडी-काडी आणायला दुकानात पाठवू नका. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे हा कायद्याने गुन्हा आहे.

रोज तीस रुपये वाचले तर महिन्याचे नऊशे होतात आणि वर्षाचे दहा हजार नऊशे पन्नास. तेवढ्यात मुलीची वह्या-पुस्तके येतात, शाळेचा गणवेश येतो आणि वर काही उरते. शरीरालाही लाभ लगेच होतो. दिवसभरात रक्तातील विषारी वायू उतरतो, वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्मा होतो. साठीच्या माणसानेही सोडल्यास फायदा होतो.

बंधूंनो, मदत मागण्यात कमीपणा नाही. आपण शाळेत गेलो ते अज्ञान मान्य करूनच. दवाखान्यातही तसेच जा. आज अंक मिटण्यापूर्वी सोडण्याची तारीख ठरवा, ती घरच्यांना सांगा आणि तो फोन करा.

विहारातील चर्चेसाठी प्रश्न

१. तंबाखूचे नाव शीलात नसले तरी ती शीलाच्या आड येते, असे का म्हणावे?
२. "विडीने डोके शांत होते" या म्हणण्यात चूक कोठे आहे?
३. निकोटीनचे च्युइंग गम कसे वापरावे, हे शेजाऱ्याला समजावून सांगा.
४. आपल्या वस्तीपासून जवळचे उपचार केंद्र कोणते? दोघांनी जाऊन माहिती आणावी आणि विहाराच्या फळ्यावर लिहावी.