आधी रे रोड, मग पेनड्राइव्ह

विद्यार्थ्यांना आणि वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांना वाटण्यासाठी आम्ही काही जण मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरचा एक पेनड्राइव्ह तयार करतो. त्याचा पाया ओएसजिओलाइव्हचा. हा संच जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं की लुबुंटू ही लिनक्स प्रणाली उघडते. क्यूजीआयएस, पोस्टजीआयएस, ग्रास ही नकाशाची सॉफ्टवेअरं हाताशी, काही इन्स्टॉल करायला नको. त्याला जोड म्हणून मोबाइलवर जागेवरच नकाशा भरण्यासाठी क्यूफील्ड द्यायचं ठरलं आणि चाचणीला मुंबईतलं रे रोड निवडलं. स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना, लोखंडी भंगाराची गोदामं, पुढं खाडीकाठी कौला बंदरची दाट वस्ती. त्या कामातून पक्क्या झालेल्या या सहा गोष्टी.

१. आधी लायसन्स वाचा.
क्यूफील्ड जीपीएल लायसन्सखाली आहे, म्हणजे प्रती काढून वाटायला मोकळीक. ओपनस्ट्रीटमॅपची माहितीही वाटता येते, पण श्रेय द्यावं लागतं. ऑनलाइन फुकट दिसणारी उपग्रहचित्रं मात्र फुकट दिसतात म्हणून पेनड्राइव्हवर भरून देता येत नाहीत. अ‍ॅप मुक्त आणि खालचा नकाशा बांधलेला, असा संच पुढच्या माणसाला अडचणीत टाकतो.

२. रेंज नाही असं धरूनच निघा.
प्रोजेक्ट टेबलावरच बांधून घ्यावा. क्यूजीआयएसचं क्यूफील्डसिंक हे प्लगइन त्यासाठीच आहे. लागेल तेवढ्याच भागाचा नकाशा ऑफलाइन घ्यावा. लांबी-क्षेत्रफळ मीटरमध्ये मोजायचं तर मुंबईसाठी यूटीएम झोन ४३ उत्तर. गोदामांच्या पत्र्यांवरून सिग्नल परावर्तित होतो आणि जीपीएसचा ठिपका पलीकडच्या गल्लीत जाऊन बसतो. म्हणून ठिपका हातानं सरकवण्याची सोय चालू ठेवावी आणि फॉर्ममध्ये अचूकतेचा रकाना आपोआप भरला जाईल असं करावं. नंतर कोणत्या नोंदीवर किती विसंबायचं ते त्यावरून कळतं.

३. मराठीत भरायचं तर शेपफाइल नको.
हे नीट समजून घ्या. शेपफाइल या नकाशा-माहितीच्या प्रचलित फॉर्मॅटमध्ये रकान्याच्या नावाला फक्त दहा बाइट मिळतात. यूनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. ‘नळ’ सहा बाइटमध्ये बसतो. ‘पाणी’ला बारा लागतात, म्हणून ते नाव छाटलं जातं. पाण्याची नोंद करू पाहणाऱ्या कुणाला पाण्याचा रकाना मराठीत ठेवता येऊ नये, हे मला मान्य नाही. जिओपॅकेज या दुसऱ्या फॉर्मॅटमध्ये ही अडचण नाही. सगळे थर एकाच फाइलमध्ये राहतात आणि क्यूफील्डला ते थेट चालतं. आमच्या संचातला नमुना प्रोजेक्ट म्हणूनच पहिल्यापासून जिओपॅकेजमध्ये, मराठी रकान्यांसह आहे.

४. नकाशावर तारीख घाला.
रे रोडला ब्रिटिशांच्या काळातल्या पुलाऐवजी मे २०२५ मध्ये नवा केबल-स्टेड पूल वाहतुकीला खुला झाला. त्याआधी उतरवलेल्या नकाशात अर्थातच तो नाही. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं हातोहात फिरतात. माहिती कोणत्या महिन्याची आहे हे पहिल्याच पडद्यावर दिसायला हवं.

५. काय भरायचं नाही, ते आधी ठरवा.
दारात भांडी घासणाऱ्या एका मावशींनी आमच्यातल्या मुलीला विचारलं, “हे लिहून घेतेस ते कोणाला देणार, बाळ?” उत्तर तयार असल्याशिवाय फोन बाहेर काढू नये. पुकार संस्थेच्या सहभागानं कौला बंदरवर २०१२ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्याचं नावच ‘ऑफ द मॅप’. केंद्राच्या अखत्यारीतली बंदराची जमीन, वस्ती अधिसूचित नव्हती, त्यामुळे तेव्हा हक्काचं पाणी नव्हतं. लोक खासगी विक्रेत्यांकडून महागानं पाणी घेत. नकाशावर नसणं किती महाग पडतं ते त्यात दिसतं. पण कोणाची नळी कुठून येते हे नावानिशी नोंदलं तर उद्या तीच नळी तोडायला तो नकाशा वापरला जाईल. म्हणून आम्ही घरमालकाचं नाव, फोन नंबर आणि पाण्याची जोडणी हे रकाने नमुना फॉर्ममधून काढून टाकले. सार्वजनिक शौचालय, दिवा, अंगणवाडी, उघडं गटार एवढं ठेवलं. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्रानं नकाशे करण्यावरचे बरेच निर्बंध उठवले, हे चांगलंच झालं. पण कायद्यानं मुभा दिली म्हणून लोकांनी दिली असं होत नाही. ती दारात उभं राहून मागावी लागते.

६. सांभाळणारा माणूस नसेल तर अ‍ॅप घालू नका.
ओएसजिओलाइव्हमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत ओळखीचं एक पान आणि पहिल्या वापराचे धडे असतात. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. आम्ही तसे धडे मराठीत लिहिले आणि ज्यांनी नकाशाचं अ‍ॅप कधी उघडलं नव्हतं अशा मुलांच्या हाती दिले. जिथं ती अडली तिथं वाक्य बदललं. क्यूजीआयएसची आवृत्ती बदलली की प्रोजेक्ट पुन्हा तपासावा लागतो, पडद्यांची चित्रं नव्यानं घ्यावी लागतात. हे काम कोणाच्या तरी नावावर असलंच पाहिजे.

मुक्त सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, पण ते टिकतं कोणीतरी वेळ दिल्यामुळेच. तुमच्या कॉलेजात किंवा मंडळात असा संच करणार असाल तर अ‍ॅपांची यादी नंतर करा. आधी एक वस्ती निवडा, तिथल्या लोकांना नकाशावर काय हवंय ते विचारा आणि तेवढ्यासाठी जे लागेल तेच संचात घाला.