सहज मत आणि त्याचा लेखी मजकूर

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात राजकारण, महागाई, नवे मोबाइल, पाणी आणि रस्ते यांवरील मते पिढ्यान्‌पिढ्या तोंडी मांडली गेली; लोकलच्या ठरलेल्या डब्यात ठरलेल्या मंडळींपुढे, सोसायटीच्या फाटकाशी किंवा कट्ट्यावर बोललेले मत ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा स्वभाव ठाऊक असे, आणि सकाळी डोंबिवलीला सुरू झालेला वाद दादरला उतरेपर्यंत बहुधा मिटलेलाही असे. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत हेच बोलणे फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर गेले, तेव्हा त्याचा सूर गप्पांचाच राहिला, पण त्याला लेखी पुराव्याचे रूप आले, आणि या फरकाची जाणीव अनेकांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागल्यावरच झाली. पुढील विवेचन या पट्ट्यातील अशा अनुभवांवर आधारलेले असून त्यामागचा हेतू वाचकाला गप्प बसवण्याचा नाही. सामान्य माणसाने सार्वजनिक प्रश्नांवर मत मांडणे ही लोकशाहीची गरजच आहे, मात्र ते मत उद्या जाहीरपणे पेलता येईल अशा रीतीने लिहिले गेले पाहिजे.

या संदर्भातील सर्वांत बोलके उदाहरण पालघरचे आहे, जे त्या वेळी ठाणे जिल्ह्याचाच भाग होते (स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला). १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी, अंत्ययात्रेच्या वेळी, मुंबई व आसपासची शहरे बंद होती. तेव्हा पालघरच्या एका तरुणीने हा बंद आदरापोटी नव्हे तर भीतीपोटी पाळला जातो, अशा आशयाचे मत फेसबुकवर लिहिले आणि तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दर्शवली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली, जमावाने पहिल्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि १९ नोव्हेंबरला न्यायालयाने जामीन दिल्यावर दोघी घरी परतल्या. यातील दुसरीने मूळ मजकूर लिहिला नव्हता, तरी अंगठ्याच्या खुणेवर बोट टेकवल्याने तीही अडकली, ही बाब आजही प्रत्येक वाचकाने मनात जपून ठेवावी अशी आहे. पुढे देशभर टीका झाली, संबंधित पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. तथापि त्या दोन घरांनी सोसलेली धास्ती कोणत्याही निलंबनाने भरून निघणारी नव्हती.

ही अटक ज्या तरतुदीमुळे गाजली ती म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-अ होय. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात अत्यंत आक्षेपार्ह, त्रासदायक किंवा गैरसोय करणारा संदेश पाठवण्यास तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला होता, पण आक्षेपार्ह कशाला म्हणावे याची व्याख्या कुठेच नव्हती, आणि व्याख्या नसली की निर्णय तक्रारदाराच्या रागावर व ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर जातो. पालघरच्या घटनेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम संपूर्णपणे रद्द ठरवले. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी असून पहिल्या दोहोंना, त्या कितीही अप्रिय असल्या तरी, संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) चे संरक्षण आहे, आणि बोलणे चिथावणीच्या पातळीला पोहोचले तरच अनुच्छेद १९(२) मधील निर्बंध लागू होतात, असे या निकालाने स्पष्ट केले. लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारण्याजोगा याहून उपयोगी प्रश्न क्वचितच सापडेल: आपला मजकूर काही पटवून देतो आहे, की कोणाला कोणावर धावून जायला सांगतो आहे?

कलम ६६-अ गेले म्हणजे सर्व मोकळे झाले, असा समज या भागात बराच पसरलेला असून तो घातक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर वाढवणे (कलम १९६), धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे (२९९), सार्वजनिक अशांतता माजवणारी विधाने करणे (३५३) आणि बदनामी (३५६) हे गुन्हे आहेतच, आणि मजकूर स्वतःचा नसून पुढे ढकललेला होता, एवढ्याने सुटका होत नाही. सरकारी नोकरांची स्थिती आणखी नाजूक आहे, आणि ठाणे-डोंबिवलीतून मंत्रालय, महापालिका व शाळांकडे रोज जाणाऱ्यांची संख्या पाहता ती येथे सांगणे आवश्यक आहे: महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास शासकीय कर्मचाऱ्याला मनाई आहे, आणि हे नियम समाजमाध्यमांनाही लागू असल्याचे शासनाने जुलै २०२५ मध्ये पुन्हा बजावले. हे बंधन कितपत योग्य यावर मतभेद होऊ शकतो व तो व्हायलाही हवा, परंतु बंधन अस्तित्वात असेतोवर नोकरदाराने आपल्या नावाने काय जाते याचे भान ठेवणे श्रेयस्कर ठरते.

राजकीय मतांइतकेच रोजच्या जगण्यावरील मतांनीही शेजार बिघडतो, आणि येथे चूक बहुधा कायद्याची नसून मांडणीची असते. कल्याणचा जुना पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात कोंडीत अडकलेल्या माणसाने संताप व्यक्त करणे पूर्णतः न्याय्य होते, पण ‘काम दोन वर्षे रखडले, उत्तर द्या’ हे विधान आणि एखाद्या पदाधिकाऱ्याने पैसे खाल्ल्याचा पुराव्याविना केलेला आरोप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पहिले विधान कोणालाही तपासता येते आणि दुसरे सिद्ध करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येऊन पडते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा व बदलापूर येथील प्रवाशांनी साध्या लोकल कमी करून एसी लोकल वाढवण्यास विरोध केला, तेव्हा त्यांचे म्हणणे नेमके होते: अमुक वेळेची गाडी गेली, आता त्या वेळेला आम्ही जायचे कसे, आणि मध्य रेल्वेला नव्याने सुरू केलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. वेळ, ठिकाण आणि मागणी असलेले मत प्रशासनापर्यंत पोहोचते. व्यक्तीचे रूप, जात, आजारपण किंवा मृत्यू यांवर घसरलेले मत तक्रारीचा मुद्दा हरवून बसते आणि वर गुन्ह्याची वाट मोकळी करते.

सोसायटीच्या गटावर वारंवार येणारा एक संदेश येथे बारकाईने पाहण्याजोगा आहे. ‘गुरुवारी रात्री बारा ते शुक्रवारी रात्री बारा पाणी बंद, सर्वांनी नोंद घ्यावी’ असा तो मजकूर असतो. त्यावर महापालिकेचे किंवा औद्योगिक विकास महामंडळाचे नाव असते, दुरुस्तीचे कारण असते, भागांची यादी असते, नसते ती फक्त तारीख. मागच्या कधीतरीच्या खऱ्या सूचनेचा हा तुकडा काळजीपोटीच पुढे जातो, पिंपे भरली जातात, गच्चीवरची टाकी उतू जाते, आणि शुक्रवारी नळ नेहमीप्रमाणे चालू राहतो. मग पुढच्या खेपेस खरी सूचना आली की तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पाण्याच्या बाबतीत नुकसान एवढ्यावर भागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्यांच्या अफवेतून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले, तेव्हा त्या अफवेचे संदेशही मोबाइलवरूनच फिरत होते आणि तेही कोणीतरी काळजीपोटीच पुढे पाठवले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि पुढे अनेकदा फिरलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसू लागला. हा बाण दिसताच थांबून तारीख व उगम शोधण्याची सवय घरातील ज्येष्ठांना व मुलांना सारखीच लावायला हवी. पाठवलेले नंतर पुसता येते, या समजुतीवरही कोणी विसंबू नये, कारण पुसण्याआधी कोणी स्क्रीनशॉट काढला असेल तर तो मजकूर लिहिणाऱ्याच्या हातात उरत नाही.

गटाचा अ‍ॅडमिन, म्हणजे सदस्य घेणारा व काढणारा, नाहक भीतीत वावरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील प्रकरणात निर्णय दिला, की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान उद्देश किंवा पूर्वनियोजन दिसत नसल्यास, अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. तरीही वैराला चिथावणी देणारा मजकूर दिसताच त्याने तो हटवावा आणि का हटवला हे गटावर शांतपणे लिहावे, हे शेजारधर्माला धरूनच आहे.

एवढे करूनही तक्रार झालीच, तर घाबरून खाते बंद करणे वा मजकूर नष्ट करणे टाळावे आणि मूळ मजकूर, त्याची तारीख व आसपासचे संभाषण जपून ठेवावे, कारण मागचा-पुढचा संदर्भ हाच बहुधा बचावाचा सर्वांत भक्कम आधार असतो. वर सांगितलेल्या कलमांतील शिक्षा साधारणपणे तीन वर्षांच्या आत असल्याने, अर्नेश कुमार प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) प्रमाणे, पोलिसांनी सरसकट अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीस देणे अपेक्षित आहे. नोटीस आली की ठरल्या दिवशी वकिलासह जावे, ती टाळू नये. आणि ज्यांना वकील परवडत नाही, त्यांनी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.