रानफुलांचे छायाचित्र

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. छत्रपती संभाजीनगर व जळगाव या जिल्ह्यांत पसरलेल्या गौताळा अभयारण्यात पावसाळ्यात हा तेरडा फुलतो. केन्याचे इवलेसे निळे फूल तर सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटते. हे क्षणिक सौंदर्य छायाचित्रात टिपावयाचे, तर सकाळीच जावे. गुडघे टेकून कॅमेरा फुलाच्या पातळीवर आणावा आणि वारा थांबेपर्यंत धीर धरावा. कारण जवळून घेतलेले चित्र किंचित हालचालीनेही अस्पष्ट होते. फूल मात्र खुडू नये. तेरडा एकाच हंगामात आपले आयुष्य संपवितो व बियांतूनच पुन्हा उगवतो. आज खुडलेल्या फुलाला बी धरणार नाही. पुढील पावसाळ्यात तितकी रोपे उणी होतील.

प्रश्न : चित्रासाठी फूल का खुडू नये?